ओळखीचे भांडवल आणि सुरतेचे कापड

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापडबाजारातून कडोदऱ्याकडे निघाले की वाटेत पर्वत पाटिया लागतो. मूळचे पर्वत गाव केव्हाच शहराच्या पोटात गेले. आज इथल्या सोसायट्यांत राजस्थानातून आलेल्या कापड व्यापाऱ्यांची बिऱ्हाडे मोठ्या संख्येने आहेत. लगतच्या लिंबायत-गोडादऱ्यात खानदेशातली मराठी कुटुंबे आणि तेलुगू पद्मशाली राहतात, पूर्वेला सारोलीचे नवे बाजार उभे आहेत आणि त्याच्याही पुढे कडोदरा-पलसाण्याच्या रंगाई-छपाईच्या मिला आहेत. साडी विकणारा, विणणारा, रंगवणारा आणि तिच्यावर टिकल्या चिकटवणारी बाई, सगळे एवढ्याशा टापूत. इथे नावाजलेली संशोधनशाळा नाही, नव्या शोधांच्या पेटंटांबद्दलही कुणी बोलत नाही. तरी गेल्या शंभर वर्षांत सुरतेच्या कापडधंद्याने कच्चा माल तीनदा बदलला, यंत्रे त्याहून अधिक वेळा बदलली आणि दर वेळी हा बदल देशातल्या बहुतेक विणकर गावांच्या आधी पचवला. हे कसे घडले, याचे उत्तर माणसांच्या ओळखीपाळखीत मोठ्या प्रमाणावर सापडते. मात्र ओळखीने काय दिले एवढेच पाहून चालत नाही. काय दिले नाही, तेही पाहावे लागते. ज्या वस्तूला डोळ्यांनी पाहता येते आणि जिचा भाव विचारता येतो, ती ओळखीतून वाऱ्यासारखी पसरते. जे कारखान्याच्या वहीत, कारागिराच्या बोटांत किंवा वर्षानुवर्षांच्या प्रयोगात दडलेले असते, ते त्याच ओळखीच्या जाळ्यातून निसटते. सुरतेच्या इतिहासाचा हाच धडा आहे.

धंदेवाईकाची ओळख आणि त्याच्या धंद्यातले नावीन्य यांचा संबंध हा आता व्यवस्थापनशास्त्रातला मोठा अभ्यासविषय झाला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये असे मांडले की नवी माहिती जिवलगांकडून फारशी येत नाही, ती दूरच्या, क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून येते. जिवलगांना आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. रोनाल्ड बर्ट यांनी १९९२ मध्ये पुढचा मुद्दा मांडला: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गटांच्या मधल्या पोकळीत जो उभा असतो, त्याच्या हाती संधी येते. चीनमधल्या कंपन्यांवर माइक पेंग आणि यादोंग लुओ यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की इतर कंपन्यांच्या व्यवस्थापकांशी आणि सरकारी अधिकाऱ्यांशी असलेले संबंध कंपनीच्या कामगिरीला हातभार लावतात. कारण समजायला सोपे आहे. जिथे कोर्टात दावा वर्षानुवर्षे लोंबकळतो, उधारीच्या माणसाची पत तपासायला खात्रीची नोंद नसते आणि तांत्रिक सल्ला विकत मिळत नाही, तिथे ओळखच वकिलाचे, बँकेचे आणि प्रयोगशाळेचे काम करते. सुरतेत ही गोष्ट पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी व्यवहारात होती.

सुरुवात जरीपासून करावी लागेल, कारण सुरतेच्या यंत्रयुगाची पहिली शाळा तीच. चांदीचा पासा जंतरीच्या बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढून केसासारखी तार काढायची, ती चपटी करून बादला करायचा, तो रेशमी किंवा सुती धाग्यावर गुंडाळायचा आणि वर सोन्याचा मुलामा चढवायचा, अशी ही प्रक्रिया. प्रत्येक टप्प्याचे कारागीर वेगळे, घरे वेगळी, बऱ्याचदा जातही वेगळी. येवल्याच्या पैठणीचा पदर, बनारसचा शालू आणि कांचीपुरमची साडी या तिन्हींना जर पुरवणारे हे शहर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्स-जर्मनीहून येणाऱ्या स्वस्त, एकसारख्या जरीपुढे हतबल झाले होते. त्यातून वाट निघाली ती विजेवर तार ओढणाऱ्या यंत्रांनी, विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याच्या पद्धतीने आणि १९३१ च्या कायद्याने परदेशी जरीवर बसलेल्या संरक्षक जकातीने. जकात सगळ्यांनाच मिळाली होती. यंत्र मात्र त्याच्याच हाती लागले, ज्याचे एक टोक चांदीच्या सराफाशी आणि दुसरे दूरच्या गिऱ्हाइकाशी बांधलेले होते. बनारसचा व्यापारी कशाला नाक मुरडतो आणि येवल्याचा साळी कशावर खूश होतो, ही खबर जरीच्या दुकानदारामार्फतच कारखान्यात यायची. पुढे खऱ्या जरीशेजारी तांब्याच्या तारेची नकली जर आली आणि नंतर पॉलिस्टरच्या चकाकत्या पट्टीची प्लास्टिक जर आली. प्रत्येक पायरीवर खालच्या किमतीचे गिऱ्हाईक कारखानदाराला आधीच भेटलेले होते.

दुसरे वळण कृत्रिम रेशमाचे. १९२० मध्ये सुरत इलेक्ट्रिसिटी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या दोन दशकांत सलाबतपुरा, नवापुरा, बेगमपुरा या भागांतल्या खत्री, कणबी आणि राणा विणकरांच्या घरांत हातमागाच्या जागी विजेचे माग येऊ लागले. त्याच सुमारास परदेशी रेयॉनचा धागा बाजारात आला. पश्चिम भारतातल्या या छोट्या भांडवलदारांचा इतिहास डग्लस हेन्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तपशिलाने मांडला आहे. सुरतेबरोबरच भिवंडी, मालेगाव, सोलापूर, इचलकरंजी ही गावे त्यात येतात, आणि यंत्रमाग हे गिरणीचे खुजे रूप नसून कारागीर-कारखानदारांची स्वतःची घडण आहे, असे त्यातून दिसते. इचलकरंजीची तुलना इथे उद्बोधक ठरते. तिथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्यामागे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचे प्रोत्साहन होते. म्हणजे तिथे ओळख वरून खाली आली. दरबाराची मर्जी आणि एका उद्योजकाची उमेद यांची गाठ पडली. सुरतेला असा जहागीरदार नव्हता. तिथे ओळख आडवी पसरली: सूत विकणारा, जुने माग विकणारा, दुरुस्ती करणारा लोहार, पेढीवाला आणि भाऊबंद यांच्यातून. राजाश्रयाने पहिले पाऊल लवकर पडते. आडव्या ओळखीने दहावे, शंभरावे पाऊल लवकर पडते. शेजाऱ्याचा माग चालताना रोज कानावर पडतो, त्यात किती कमाई आहे हे आठवड्याभरात गल्लीला कळते, आणि मग मागे राहणाऱ्याला घरचेच लोक विचारू लागतात.

यावर आक्षेप असा येईल की हा सगळा खेळ सरकारी धोरणाचा आहे, ओळखींचा कसला? आक्षेपात तथ्य आहे. स्वातंत्र्यानंतर गिरण्यांच्या मागांची संख्या वाढवण्यावर सरकारने बंधने घातली आणि छोट्या यंत्रमागांना करसवलती दिल्या. कृत्रिम धाग्याची आयात परवान्याखाली गेली. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याकडे चैनीची वस्तू म्हणून पाहणे सोडल्यावर पॉलिस्टरचे दार सताड उघडले. पण धोरण सर्वांना सारखे होते, त्याचा लाभ सारखा झाला नाही. हा फरक कशाने पडला, याचा लेखी पुरावा एका अनपेक्षित ठिकाणी सापडतो. सुरत आर्ट सिल्क क्लॉथ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन या विणकर-कारखानदारांच्या संघटनेचा प्राप्तिकर माफ असावा की नसावा, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेला आणि १९७९ मध्ये संघटनेच्या बाजूने निकाल लागला. धर्मादाय हेतूच्या व्याख्येसाठी करसल्लागार आजही तो निकाल उगाळतात. इतिहासाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. संघटनेचे उत्पन्न सभासदांच्या वर्गणीबरोबरच एका कमिशनमधून येत होते: सभासदांसाठी परदेशी धाग्याचे आयात परवाने आणि देशी धाग्याचा कोटा मिळवून द्यायचा आणि त्याच्या किमतीवर काही टक्के घ्यायचे. दहा-वीस माग असलेल्या माणसाला दिल्लीत कोण ओळखणार? पण हजारोंच्या वतीने बोलणाऱ्या संघटनेला ओळख होती. म्हणजे धोरण आणि ओळख यांत एकाची निवड करायची नसते. धोरण विहिरीतले पाणी असेल, तर ते वर काढणारा पोहरा ओळखीच्या दोराने बांधलेला असतो; सुरतेने तो दोर आधीच वळून ठेवला होता.

पॉलिस्टरच्या युगात या दोराला अनेक पदर आले. एक साधी छापील साडी घ्या. धागा मोठ्या कंपनीच्या डीलरकडून येतो, टेक्श्चरायझिंगवाला तो तापवून, पीळ देऊन फुगीर करतो, ट्विस्टिंगवाला वळतो, मागवाला ग्रे ताका विणतो, रिंग रोडवरचा व्यापारी तो विकत घेऊन प्रोसेस मिलला जॉबवर पाठवतो, छापून आलेला माल एम्ब्रॉयडरीच्या खात्यावर जातो, तिथून लेस लावायला, टिकल्या चिकटवायला आणि लोंबणारे धागे कापायला गठ्ठ्यांनी घराघरांत पोहोचतो, परत येऊन घडी होते, पार्सल बांधले जाते आणि आढतियाच्या भरवशावर पाटण्याला किंवा कोलकात्याला उधारीत रवाना होते. प्रत्येक टप्प्याला मालक वेगळा. गिरणीत जे काम एका छपराखाली चालायचे ते इथे दहा धन्यांत वाटलेले आहे. म्हणून नवे काही करायचे तर एकट्याच्या मनात येऊन भागत नाही. त्या धाग्याला रंग बसेल का हे मिलच्या मास्टरला विचारावे लागते, कापड मागावर तुटेल का हे मागवाल्याला विचारावे लागते आणि बिहारात खपेल का हे दलालाला विचारावे लागते. दलाल आणि मास्टर हे या साखळीचे खरे सांधे. दलालाचे बूड एका पेढीवर टेकत नाही. मास्टर या मिलमधून त्या मिलमध्ये जातो तेव्हा रंगाच्या कृती डोक्यात घेऊन जातो. बर्ट यांनी ज्या पोकळीची गोष्ट सांगितली, तिच्यात सुरतेत पगारावर आणि दलालीवर जगणारी माणसे उभी होती. याच गर्दीतून हिमसनसारखे यंत्रनिर्मातेही उभे राहिले: गिऱ्हाईक गल्लीपलीकडे होते, यंत्र बिघडले की त्याच संध्याकाळी तक्रार यायची आणि पुढच्या यंत्रात सुधारणा व्हायची.

आता दुसरी बाजू. नवा छाप बाजारात चालला की थोड्याच दिवसांत तोच छाप शेजारच्या दुकानात दहा-वीस रुपये कमी भावाने लागतो, ही सुरतेच्या व्यापाऱ्यांची जुनी रड आहे. ज्या मिलमध्ये छापले तिथे इतरांचाही माल असतो, ज्या दलालाने विकले तो इतरांचाही दलाल असतो. कायदा फारसा कामाला येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार, नोंदणी होऊ शकणारे पण नोंदणी न केलेले डिझाइन वस्तूवर पन्नासहून अधिक वेळा औद्योगिक पद्धतीने उतरले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. आणि डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी तर कागद हातात येईपर्यंत साडीचा हंगामच उलटतो. परिणाम असा की नव्या कल्पनेवर पैसा आणि वर्ष घालवणारा मूर्ख ठरतो, आणि चांगली नक्कल झटपट करणारा शहाणा ठरतो. ज्या जाळ्याने नवे यंत्र गल्लोगल्ली नेले, त्याच जाळ्याने नव्या कल्पनेचा नफा कल्पकाच्या हाती पडण्याआधी वाटून टाकला. अपवाद म्हणून प्रफुल्ल शहांच्या गार्डन सिल्क मिल्सचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. ‘गार्डन वरेली’ने डिझाइन, छपाई, पुढे धागाही स्वतःच्या हाती ठेवला आणि जाहिरातींतून गिऱ्हाइकाशी थेट नाते जोडले. म्हणजे मौलिक डिझाइनचा नफा राखायचा तर या जाळ्याच्या थोडे बाहेर उभे राहावे लागले. ती कंपनीही पुढे कर्जाच्या ओझ्याखाली मूळ प्रवर्तकांच्या हातून गेली. पण त्यामुळे सगळ्यांमध्ये राहून नक्कल करणे हाच शहाणपणा ठरतो असे नाही. एवढेच दिसते की बाहेर उभे राहणे महाग पडते आणि ती किंमत सोसण्याची ताकद फार थोड्यांत असते.

ओळखींची मर्यादा डिझाइनपुरती असती तर एक वेळ चालले असते. अडचण अधिक खोल आहे. मुंबई आणि सुरत यांच्या दरम्यानच्या तारापूर आणि उंबरगाव या वसाहतींतल्या १७ कापड कंपन्यांवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही कारखान्यांना पाच महिने फुकट सल्लागार दिले. सल्ला साधा होता: कापडातल्या दोषांची रोज नोंद करा, सुताचा साठा मोजा, यंत्राची देखभाल ठरल्या वेळी करा, वर्कशॉप आवरलेले ठेवा. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मालकांचे आपापसांत दळणवळण नव्हते असे नाही, लग्नकार्यापासून संघटनेच्या बैठकीपर्यंत सगळीकडे ते भेटत असणार. तरीही जगभर दशकानुदशके रुळलेल्या या पद्धती त्यांच्याकडे आल्या नव्हत्या. नवे मशीन आले की ते शेजारी पाहतो. दोषांची वही कुणी दुसऱ्याला दाखवत नाही, आणि ती नसल्याने किती नुकसान होते हेही कुणाला कळत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: कंपनी किती वाढेल, हे मालकाच्या घरात किती पुरुषमाणसे आहेत यावर बरेच अवलंबून होते. परक्या व्यवस्थापकाच्या हाती तिजोरीची किल्ली द्यायची नाही, असा त्याचा अर्थ. तिरुपूरच्या होजिअरी धंद्याबद्दल अभिजित बॅनर्जी आणि कैवान मुन्शी यांनी २००४ मध्ये हेच वेगळ्या अंगाने दाखवले. तिथल्या गौंडर समाजाला ज्ञातीतून भांडवल सहज मिळे, तरी बाहेरून येऊन कमी भांडवलावर सुरुवात करणाऱ्यांच्या कंपन्या अधिक वेगाने वाढल्या. घट्ट नात्याने पैसा स्वस्त मिळतो, आणि कदाचित म्हणूनच तो सर्वात लायक हातांत जाईल याची खात्री राहत नाही.

सर्वात मोठी गळती मात्र मालकाच्या आणि कारागिराच्या मधल्या दरीत होते, आणि मराठी वाचकाचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. १९०० च्या सुमारास पूर्ण झालेल्या तापी व्हॅली रेल्वेने सुरत अमळनेरला जोडली. नंदुरबार, धुळे, जळगाव भागातली माणसे याच लोहमार्गाने उधन्याला उतरत गेली. लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा या वस्त्या त्यांनी भरल्या. त्यांच्यातल्या काहींनी राजकारणात आणि छोट्या व्यवसायांत जम बसवला, पण बहुसंख्य मागावर, मिलमध्ये, नाही तर घरबसल्या लेस-टिकलीच्या कामात राहिले. दक्षिण गुजरातेतल्या मजुरांचा अनेक दशके अभ्यास केलेल्या यान ब्रेमन यांनी हे जीवन तपशिलाने नोंदवले आहे: कामाची शाश्वती नाही, ओळख मुकादमापुरती, मोबदला मालाच्या नगावर. या नगाच्या मोबदल्याचा नावीन्याशी काय संबंध, हे पाकिस्तानातल्या सियालकोटच्या फुटबॉल कारखान्यांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून उघड होते. कृत्रिम चामड्याचा चुरा कमी करणारा नवा साचा कारखान्यांना फुकट दिला, तरी बहुतेकांनी वापरला नाही. कापणाऱ्यांना तुकड्यांवर पैसे मिळत होते, नव्या साच्याने हात सुरुवातीला मंद चालणार होता, तेव्हा त्यांनी मालकाला साचा निकामी असल्याचे सांगितले. महिन्याभराच्या मजुरीइतके बक्षीस देऊ केल्यावर साच्याचा स्वीकार वाढला. सुरतेत मागवाल्याला ताक्यावर आणि टिकल्या लावणाऱ्या बाईला साडीवर पैसे मिळतात. कुठल्या गोंदाने टिकली धुण्यात टिकते, कुठल्या कापडावर तो डाग पाडतो, हे तिला पेढीवरच्या शेठपेक्षा आधी कळते. ते सांगण्याची तिला मुभा नाही, सांगून फायदाही नाही. व्यवस्थापकांच्या ओळखींवर एवढे संशोधन होत असताना, ज्यांची ओळख व्यवस्थापकाला नाही त्यांच्याकडे किती ज्ञान पडून आहे, हा प्रश्न क्वचित विचारला जातो.

कुणी म्हणेल, आता व्हॉट्सअ‍ॅपवर नमुने फिरतात, ऑनलाइन बाजारातून पाटण्याची दुकानदारीण थेट माल मागवते. दलाल-आढतियाची ओळख इतिहासजमा झाली. माहितीपुरते हे खरे आहे. विश्वासाचे तसे नाही. उधारी बुडवून पार्टी रातोरात उठली की सुरतेत त्याला ‘उठमणा’ म्हणतात, आणि त्याची भीती असते तोवर ओळखीच्या हमीला मोल राहणारच. जुलै २०१७ मध्ये जीएसटीविरुद्ध सुरतेचे कापडबाजार दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिले, ते याच जाळ्याच्या जोरावर. त्या बंदने जाळ्याची ताकद दाखवली आणि वृत्तीही दाखवली: हिशोबाची नवी शिस्त येताना ते एकदिलाने उभे राहिले, नव्या कौशल्यासाठी तसे क्वचितच उभे राहते. नाही म्हणायला काही संस्था ही उणीव भरू पाहतात. मुंबईत १९५० मध्ये सस्मिरा आणि सुरतेत १९८१ मध्ये मंत्रा या संशोधन संस्था निघाल्या. इचलकरंजीने १९८२ मध्ये डीकेटीईसारखे वस्त्रतंत्राचे महाविद्यालय उभे केले. त्यांचे महत्त्व असे की त्यांच्याकडे जे कळते ते कुणा एका पेढीच्या मालकीचे नसते.

१९९९ पासूनच्या तंत्रज्ञान सुधारणा निधीसारख्या सरकारी योजनांनी यंत्रखरेदीला व्याजाची सवलत दिली. यंत्र ओळखीने आणि कर्जाने येते, हे सुरतेने त्याच्या आधीच सिद्ध केले होते. सरकारने तिथे पैसा ओतला जिथे ओघ आधीच होता. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीला सुरतेकडून घ्यायचे असेल तर मागांची संख्या घेऊन उपयोग नाही. घेण्यासारखी आहे ती वेगवेगळ्या धंद्यांना आडवे जोडणारी ओळख, आणि टाळण्यासारखा आहे तो तिचा आखूडपणा. दोषांच्या नोंदी संघटनेच्या पातळीवर मिळून अभ्यासणे, हंगामापुरते का होईना पण डिझाइनला संरक्षण देणारी बाजाराची स्वतःची पंचायत उभारणे आणि कारागिराने सुचवलेल्या सुधारणेवर त्याला ठरलेला वाटा देणे, ही कामे ओळखीच्या जोरावरच होण्यासारखी आहेत, कारण ती बजावणारी दुसरी यंत्रणा आपल्याकडे अजून तयार नाही. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी परवाने मिळवण्यासाठी संघटना बांधली तेव्हा त्यांना सामायिक गरज कळली होती. आज नकलेवर कमावलेला पैसा घटत्या भावात विरघळतो आहे. सामायिक गरज पुन्हा उभी राहिली आहे, आणि या वेळी तिच्या बैठकीत मागवाल्याला आणि टिकलीवालीला जागा दिल्याशिवाय ती भागणार नाही.